लग्नाचा हक्क मतदानाला टाकला की काय होतं

समलिंगी लग्नाचा विषय निघाला की सांगली-साताऱ्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लोकांचं मत घ्या ना एकदा!" कॅलिफोर्नियात घेतलं होतं. ते कसं घडलं, हे नीट पाहायला हवं.

मे २००८ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला. जून ते नोव्हेंबरमध्ये सुमारे १८ हजार लग्नं लागली. विरोधकांनी तोवर सह्या गोळा केल्या होत्या. मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के सह्या भरल्या की तिथे घटनादुरुस्ती थेट मतपत्रिकेवर येते आणि साध्या बहुमताने मंजूर होते. ४ नोव्हेंबरला 'प्रपोझिशन ८', म्हणजे समलिंगी लग्नाला बंदी घालणारी घटनादुरुस्ती, ५२ टक्के मतांनी मंजूर झाली. मजकूर एका ओळीचा, पण ज्या राज्यघटनेच्या आधारे हक्क मिळाला होता, तीच त्या ओळीने बदलली. राज्याच्या न्यायालयाचे हात बांधले गेले. शेवटी अमेरिकेच्या घटनेचा आधार घ्यावा लागला: २०१० मध्ये फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांनी बंदी रद्द ठरवली, तरी लग्नं पुन्हा सुरू व्हायला २०१३ उजाडलं. ती ओळ राज्यघटनेतून निघाली २०२४ च्या मतदानाने.

आपल्याकडे अशा सार्वमताची सोय नाही, हे फार बरं आहे. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न संसदेवर सोडला. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण साताऱ्यातच. भटजीविना लग्न लावणारी सत्यशोधक रीत इथल्या लोकांना नवी नाही. लग्नाची रीत माणसंच बदलतात, हे इथे तरी पटायला हवं.

कायदा होईपर्यंत जोडप्यांनी कागद पक्के करावेत. बँकेत संयुक्त खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. खिडकीवर नकार मिळाला तर तेच पत्र पुढे करा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, इथेच बहुतेकांची फसगत होते. मृत्युपत्र हवंच. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, कारण भाऊबंद हरकत घेतात तेव्हा ती कामी येते. सातबारा सामाईक असेल तर मृत्युपत्र फक्त आपल्या हिश्श्याचं चालतं. आणि कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका, ते माणूस गेला की संपतं.