६एलयू७ वर डॉकिंग करण्याआधी फाइल उघडून वाचा

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी डॉकिंग (एखादा रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा बसेल, याचा संगणकावरचा अंदाज) करायचं ठरलं की हळदीतलं कर्क्युमिन आणि कोरोना विषाणूचा मेन प्रोटीएज (प्रोटीन कापणारं त्याचं मुख्य एन्झाइम) ही जोडी पटकन सुचते. सांगलीची हळद शेजारीच, ६एलयू७ ही त्या प्रोटीएजची रचना पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या संग्रहावरून फुकट मिळते आणि ‘ऑटोडॉक विना’ हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालतं. संध्याकाळपर्यंत हातात बंधनाच्या ताकदीचा एक आकडा येतो. पण त्याला अर्थ आहे की नाही, हे विना सुरू करण्याआधीच, फाइल साफ करताना ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा साफसफाईला.

६एलयू७ ची पीडीबी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ए साखळी म्हणजे प्रोटीएज, ३०६ अमिनो आम्लांची. सी साखळी म्हणजे एन३ हा इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमचं काम अडवणारा रेणू. आता गंमत बघा. एन३ पेप्टाइडसारखा आहे, त्याच्या मधोमध ॲलानिन, व्हॅलिन आणि ल्युसिन ही नेहमीचीच तीन अमिनो आम्लं आहेत. फाइलमध्ये ती ‘ॲटम’ ओळींत (नेहमीच्या अमिनो आम्लांच्या) येतात, ‘हेटॲटम’ ओळींत (पाणी वगैरे बाकीच्यांच्या) नाही. त्यामुळे पाणी आणि लिगँड (खाचेत बसलेला रेणू) काढायचे म्हणून सगळ्या हेटॲटम ओळी उडवल्या, तरी इनहिबिटरचा मधला तुकडा सक्रिय खाचेत तसाच बसून राहतो. मग तुमचा रेणू अर्ध्या भरलेल्या खाचेत जागा शोधत फिरतो, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. उपाय सोपा आहे: ओळीच्या प्रकारावरून नाही, साखळीच्या अक्षरावरून काढा. आख्खी सी साखळी उडवा आणि रेणू पडद्यावर घेऊन सिस्टीन १४५ (साखळीतलं १४५ वं अमिनो आम्ल) भोवतालची खाच खरंच रिकामी झाली का, ते डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट जोडीची. हा प्रोटीएज काम करतो तो दोन साखळ्यांच्या जोडीनं. एका साखळीचं पहिलं सेरीन दुसऱ्या साखळीच्या ग्लुटामेट १६६ ला जाऊन धरतं आणि त्यामुळे एस१ खाचेला (सक्रिय खाचेतल्या एका कप्प्याला) आकार येतो. नेहमीच्या फाइलमध्ये मात्र एकच साखळी असते, दुसरी स्फटिकाच्या सममितीतून तयार करावी लागते. त्यासाठी पीडीबीवरून ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’ची, म्हणजे पूर्ण जोडीची फाइल घ्या. पीडीबी फॉरमॅटच्या त्या फाइलमध्ये दोन्ही साखळ्यांना ‘ए’ हेच अक्षर असतं आणि त्या मॉडेल १, मॉडेल २ अशा वेगळ्या केलेल्या असतात. पुढे सिम्युलेशनसाठी (अणूंची हालचाल संगणकावर चालवून बघायला) ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर लागतं; त्यातला फाइल तयार करणारा पीडीबीटूजीएमएक्स पहिल्या ‘एंडएमडीएल’ (मॉडेल संपलं) ओळीला वाचन थांबवतो, म्हणजे दुसरी साखळी गायब. दुसऱ्या साखळीचं अक्षर बदलून ‘बी’ करा, मॉडेलच्या ओळी काढा, दोन साखळ्यांमध्ये ‘टीईआर’ ही साखळी संपल्याची ओळ ठेवा.

प्रत्येक साखळीत ७ हिस्टिडीन आहेत. हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर बसवायचा, हे प्रोग्रॅमच्या मर्जीवर सोडू नका. १६३ व्या हिस्टिडीनचा हायड्रोजन एप्सिलॉन नायट्रोजनवर हवा, कारण एस१ खाचेत बसणाऱ्या गटाच्या कार्बोनिलला तोच हायड्रोजन बंध देतो. सिस्टीन १२ आहेत, पण त्यांच्यात एकही डायसल्फाइड बंध नाही. प्रोग्रॅमनं बंध जोडलाच, तर कुठेतरी गडबड आहे. सगळे हिस्टिडीन उदासीन ठेवले तर एका साखळीवर −४ भार येतो, जोडीवर −८. पीडीबीटूजीएमएक्सनं वेगळा आकडा दाखवला तर पुढे न जाता कारण शोधा.

आता डॉकिंग. पद्धत बरोबर आहे का हे तपासायला बरेच जण एन३ लाच पुन्हा डॉक करतात. पण एन३ हा सिस्टीन १४५ च्या गंधकाला सहसंयुज बंधानं जोडलेला आहे आणि साध्या विनाला असा बंध कळत नाही. म्हणून तपासणीसाठी याच प्रोटीएजची ६डब्ल्यू६३ ही रचना घ्या. त्यात एक्स७७ हा रेणू बंध न जोडता बसलेला आहे. त्याला बाहेर काढा, पुन्हा डॉक करा आणि मूळ जागेपासूनचा आरएमएसडी (अणू सरासरी किती सरकले ते) मोजा. २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर मांडणी ठीक. मोजताना दोन्ही रेणू आधी एकमेकांवर बसवून घेऊ नका, नाहीतर जागा चुकली तरी आकडा छानच दिसेल. ओपनबेबेल या सॉफ्टवेअरमधला ओबीआरएमएस हे काम नीट करतो. विनानं जिथे शोधायचं ती पेटी सिस्टीन १४५ आणि हिस्टिडीन ४१ यांच्या मधोमध, बाजू २२ ते २४ अँगस्ट्रॉम. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा ते) मुळात ८ असतो, तो ३२ करा. अणूंवर कोलमन पद्धतीचे भार द्यायचे की गास्टाइगर, यावर वेळ घालवू नका, विनाच्या स्वतःच्या स्कोअरिंगमध्ये ते भार धरलेच जात नाहीत.

कर्क्युमिनचंही बघून घ्या. पबकेम या रेणूंच्या संग्रहावरून उतरवलेली रचना डायकीटो रूपात येते, द्रावणात मात्र इनॉल रूप (एका हायड्रोजनची जागा बदललेलं) जास्त असतं. दोन्ही डॉक करा. आणि आकडा वाचताना एवढं ध्यानात ठेवा: विनाच्या मूळ शोधनिबंधातच प्रमाण त्रुटी दर मोलला २.८५ किलोकॅलरी दिली आहे, तर बंधनाच्या ताकदीत १० पट फरक पडायला २५ अंशाला सुमारे १.३६ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे −७.८ आणि −७.३ यांत कोण सरस, हे विनाला सांगताच येत नाही. त्यात मोठ्या रेणूंना मुळात जास्त गुण मिळतात. कर्क्युमिन तर प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही फसवे निकाल देणाऱ्या रेणूंमध्ये गणला जातो आणि ७.४ पीएचच्या बफरमध्ये फार टिकत नाही. ‘कर्क्युमिन प्रभावी आढळलं’ असं वाक्य डॉकिंगच्या जोरावर लिहू नये, हे माझं ठाम मत आहे. लोक ते वाक्य वाचून औषध बदलतात.

पुढे सिम्युलेशन करणार असाल तर फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांचे नियम) प्रोटीनला चार्म३६ आणि लिगँडला सीजेनएफएफ, किंवा अँबर आणि गॅफ. सरमिसळ नको. सीजेनएफएफचा पेनल्टी स्कोअर (पॅरामीटरचा अंदाज किती कच्चा ते सांगणारा) ५० च्या वर गेला तर ते पॅरामीटर तसेच वापरू नका. ऊर्जा कमी करणं, मग १०० पिकोसेकंद एनव्हीटी (आकारमान आणि तापमान कायम), तेवढंच एनपीटी (दाब आणि तापमान कायम), हे ठरलेलं आहे. एनपीटीत दाब शेकडो बार वरखाली होताना दिसेल, घाबरू नका, सिम्युलेशनच्या इतक्या लहान पेटीत तसंच होतं. सरासरी आणि घनता बघा. २ फेम्टोसेकंदाच्या पायरीनं १०० नॅनोसेकंद म्हणजे ५ कोटी पायऱ्या.

आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाणारच. ग्रोमॅक्समध्ये सिम्युलेशन चालवणारा एमडीरन दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (कुठवर आलं त्याची नोंद) लिहितो, त्यामुळे ‘-सीपीआय’ देऊन जिथे थांबलं तिथून सुरू करता येतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर जीपीयू पूर्ण भारानं चालत असेल तर यूपीएस ट्रिप होऊ शकतो. हातात मिनिट-दोन मिनिटं असतील तर कंट्रोल-सी एकदाच दाबा, एमडीरन चेकपॉइंट लिहून नीट थांबतो. पुन्हा पुन्हा दाबलंत तर तो मध्येच तुटतो.

वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी किमान तीन रन करा. विश्लेषणाआधी ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व्हनं पेटीच्या कडेवर तुटलेली जोडी एकत्र आणा, नाहीतर आरएमएसडीत अचानक काही नॅनोमीटरची उडी दिसेल आणि प्रोटीन उलगडलं असं वाटेल. पहिला आलेख काढायचा तो लिगँडचा नाही. एका साखळीचं सेरीन १ आणि दुसरीचं ग्लुटामेट १६६ यांच्यातलं अंतर आधी काढा, दोन्ही बाजूंचं. ते सुटलं असेल तर ज्या खाचेत तुम्ही लिगँड बसवला, तिचा आकार आता पूर्वीचा राहिलेला नाही.