स्विच-ऑनला रडू नाही आलं तरी चालतं

कोक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशन करून बसवतात ते यंत्र, पहिल्यांदा चालू केल्यावर (यालाच स्विच-ऑन म्हणतात) पेशंट ढसाढसा रडतो, ते व्हायरल व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील. आमच्याकडे, म्हणजे हे इम्प्लांट चालू करून सेट करणाऱ्यांकडे, आता घरचे लोक मोबाईल सज्ज ठेवूनच येतात. आणि मग आजी म्हणतात, "हे काय, नुसतं टीं टीं वाजतंय." सगळ्यांचे चेहरे पडतात, आणि बिचाऱ्या आजींनाच वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकलं.

काही चुकलेलं नसतं हो. ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी जखम भरली की कानामागे प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणारा बाहेरचा भाग, लावून इम्प्लांट सुरू करतो आम्ही. चांगल्या कानात आतल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपून नसेला कळवणाऱ्या पेशी, साधारण ३५०० असतात, त्यांचं काम इथे एका बारीक तारेवरचे १२ ते २२ इलेक्ट्रोड (करंट देणारे ठिपके) करणार, कंपनीप्रमाणे कमीजास्त. त्यात ती तार कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, अगदी आतल्या टोकापर्यंत, जिथे जाड आवाज ऐकू येतात, तिथपर्यंत बहुतेकदा पोचत नाही, त्यामुळे सुरुवातीला नवरा काय नि नात काय, सगळे कार्टूनमधल्यासारखे चिरक्या आवाजात बोलतात. मेंदूला सवय व्हायला काही महिने लागतात, आणि वीस-पंचवीस वर्षं काहीच ऐकलेलं नसेल तर जास्तच.

मॅपिंग म्हणजे काय तर लॅपटॉपवरून एकेका इलेक्ट्रोडला करंट देऊन बघायचं, किती कमीवर ऐकू येतं आणि किती जास्त चालतं. समोर तक्ता असतो, "एकदम हळू" पासून "नको, बास" पर्यंत, त्यावर बोट ठेवायचं. लहान मुलांना सांगता येत नाही, मोठ्यांना येतं, पण आपली माणसं भारी भिडस्त, डोळे मिचकावतात, मान मागे घेतात आणि तोंडाने "चालेल चालेल मॅडम". मी तोंडापेक्षा पापणीवर जास्त विश्वास ठेवते. एखाद्या इलेक्ट्रोडला गाल फडफडला तर करंट चेहऱ्याच्या नसेला लागतोय, मग तो कमी करायचा नाहीतर सरळ बंद. शेवटी तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघायचं. श आणि स मधला फरक कळला की माझा दिवस चांगला.

प्रोसेसरमध्ये तो रोज किती तास घातला याची नोंद होते, हे पेशंटला आठवत नाही. एक रिटायर्ड सर अगदी ठासून म्हणाले, दिवसभर असतो कानाला. स्क्रीनवर सरासरी दोन तास. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, पाहुणे आले की घालतात. लाखो रुपये खर्च करून (मोठ्यांना बहुतेक सगळा खिशातूनच करावा लागतो, सरकारी योजना मुख्यतः लहान मुलांसाठी आहेत) तो शोकेसमध्ये ठेवला तर मी कितीही मॅपिंग करू दे, उपयोग शून्य.

गंमत बघा, १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क या सर्जननी ज्याला आपलं पहिलं मल्टिचॅनल (अनेक इलेक्ट्रोडवालं) इम्प्लांट बसवलं तो मोठा माणूसच होता. तरी आपल्याकडे "हे तर जन्मतः बहिऱ्या बाळांना करतात ना?" म्हणत लोक महागातलं अजून महाग कानाचं मशीन (हिअरिंग एड) घेत वर्षं घालवतात. कानाचं मशीन मुख्यतः आवाज मोठा करतं. दोन्ही कानांना नीट सेट केलेलं मशीन आहे, आवाज येतो पण शब्दच कळत नाहीत, तर तपासणी करून घ्या, इम्प्लांट सत्तरीत पण बसवतात.

आणि घरच्यांनो, "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" ओरडणं बंद करा. त्यापेक्षा रोज थोडा वेळ पेपर तोंडासमोर धरून बातम्या वाचून दाखवा, सुरुवातीला त्यांनी आधी वाचलेल्याच, ओठ दिसता कामा नयेत. क्रिकेटच्या पानाने सुरुवात बरी पडते, नावं ओळखीची असतात. ते जमलं की मग फोन.