आधी फेस, मग समुद्र

परवा अख्खा दिवस घालवून मी ॲक्वाटिंटमध्ये एक कोरं आकाश छापलं. खाली कातळ मस्त काळेभोर उमटलेत, मधला समुद्रही बरा आलाय आणि वर जिथे पावसाळी ढग हवे होते तिथे काहीच नाही, फिकट राखाडी डाग आणि बाकी पांढराफटक कागद. चूक माझीच, राळ जास्त तापवली.

ॲक्वाटिंट ही प्लेटवरून चित्र छापायची पद्धत, ती काय ते आधी थोडक्यात सांगते. तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड पसरायची, खालून गरम करून ती प्लेटला चिकटवायची आणि मग प्लेट ॲसिडमध्ये सोडायची. राळेचा कण जिथे बसलाय तिथे तांबं वाचतं, कणांच्या मधल्या फटींत ॲसिड खात जातं. त्या बारक्या खड्ड्यांत शाई बसते आणि लांबून बघितलं की रेघ नाही, ठिपका नाही, नुसती जलरंगासारखी छटा दिसते. नावात ॲक्वा असलं तरी पाण्याचा संबंध एवढाच, दिसायला जलरंगासारखं.

तर राळ. माझ्याकडे एक बंद पेटी आहे, ती हलवली की आत धुरळा उडतो, मग थोडं थांबायचं कारण जाड कण आधी खाली बसतात, आणि मग प्लेट आत सरकवायची म्हणजे नुसती मऊ बारीक धूळ तिच्यावर पडत राहते. (मास्क लावूनच, आणि धुरळा उडालेला असताना जवळपास ज्योत अजिबात नको, हवेत उडालेली राळ भडका घेते.) प्लेट बाहेर काढली की पीठ चाळल्यासारखी दिसते, शिंक आली तर संपलं सगळं. खालून बर्नर फिरवत गेलं की पिठूळ पांढरेपणा जातो आणि राळ पारदर्शक होते, तो बदल प्लेटवरून सरकताना दिसतो आणि तो दिसला की बर्नर लगेच पुढे न्यायचा. मी आकाशाच्या बाजूला रेंगाळले. कण विरघळून एकमेकांत मिसळले, फटी बुजल्या, वर व्हार्निश फासल्यासारखा सलग थर झाला, मग ॲसिड खाणार कुठून?

पण खरी डोकेदुखी फेसाची असते. कागदावर चित्र काढताना आपण समुद्र रंगवतो आणि शेवटी पांढऱ्या रंगाने लाटेवर दोन फटकारे मारतो, इथे ती सोय नाही. पांढरं ते आधीच राखून ठेवावं लागतं, म्हणजे प्लेट ॲसिडला शिवायच्या आधी, समुद्राचा पत्ताही नसताना, फेस नेमका कुठे फुटणार ते ठरवून तिथे व्हार्निश लावायचं. मग वीसेक सेकंद फेरिक क्लोराइडमध्ये (माझं ॲसिड म्हणजे हेच), बाहेर काढून धुवायची, वाळवायची, आता सगळ्यात फिकट छटा म्हणजे धुकं आणि क्षितिजाजवळचं पाणी झाकायचं, परत आत. मग ओली वाळू झाकायची. मग लाटेची सावलीतली बाजू. असं करत शेवटी नुसते कातळ उघडे राहतात आणि ते चांगले वीस मिनिटं खात पडतात. आणि हे सगळं आंधळेपणाने, कारण व्हार्निश काळं असतं, जे भाग पांढरे राहणार तेच प्लेटवर सगळ्यात काळे दिसतात, शिवाय चित्र उलटं! पहिल्या प्रिंटमध्ये माझं दीपगृह खाडीच्या भलत्याच काठाला उगवलं होतं. झाडं, ढग उलटे झाले तर कोणाला कळतही नाही पण किनारा ओळखणारा माणूस लगेच म्हणतो, अगं हे कुठलं?

असं चिडायला झालं की मला इंग्रज चित्रकार विल्यम डॅनियल आठवतो. काका थॉमस डॅनियलबरोबर पोरवयात भारतात येऊन फिरला तोच. पुढे त्याने ब्रिटनचा अख्खा किनारा पालथा घातला आणि 1814 ते 1825 मध्ये त्याच्या 308 ॲक्वाटिंट काढल्या, प्लेटा स्वतः कोरून. 308! मी सातव्या प्लेटवर आहे. त्याची धुक्यातली आकाशं बघा, छटा इतक्या हलक्या आहेत की राळ कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. माझ्या मते समुद्रकिनारा ॲक्वाटिंटला जितका मानवतो तितकं दुसरं काही नाही, कारण तिथे रेघा कमी आणि पसरलेले टोन जास्त. झाडोरा काढायला साधं एचिंग बरं, म्हणजे सुईने ओढलेल्या रेघाच ॲसिडला खाऊ द्यायच्या.

आता आकाशाचं काय करायचं? उरलेली प्लेट व्हार्निशने झाकली, आकाशावरची जुनी राळ स्पिरिटने पुसून काढली, तेवढ्याच भागावर नवीन राळ टाकली आणि या वेळी बर्नर पळवला. ढगांना टब वापरलाच नाही, ब्रश फेरिकमध्ये बुडवून सरळ प्लेटवर ओढला. याला स्पिट बाइट म्हणतात, पूर्वी ॲसिड नीट पसरावं म्हणून खरंच थुंकी लावायचे. कडा मऊ येतात पण किती खाल्लंय ते कळत नाही, अंदाजपंचे.

शाई भरली, जाळीच्या कापडाने पुसली, शेवटी तळहाताने एक हलका हात फिरवला, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढला. ढग आलेत. डावीकडे एक ओघळ सुटलाय तो लांबून पावसाची सर वाटतो, राहू दे. फेसात मात्र एका जागी व्हार्निश उडालेलं दिसतंय, लाटेच्या ऐन माथ्यावर तांदळाएवढा काळा ठिपका. ते घासून गुळगुळीत करायला बर्निशर घेऊन बसलेय.