घरातला ‘घ’

आमच्या शाळेचं गॅदरिंग सुगी आटोपल्यावर असायचं. भात मळून घरात आलेलं, रिकाम्या शेतात मसूर नाहीतर वाटाणा वर डोकावलेला, आणि संध्याकाळ पडली की हाडात शिरणारी थंडी. बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. गॅदरिंगच्या रात्री बायाबापड्या घोंगडी, वाकळा घेऊन शाळेच्या पटांगणात जागा धरायच्या. वर्गातली बाकं एकाला एक दोरीनं बांधायची, त्यावर फळ्या टाकायच्या, की झालं स्टेज. पडद्याला साड्या गावातूनच गोळा करायच्या. अमक्याच्या आईचं हिरवं लुगडं उजव्या विंगेला लागलंय, हे पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या गावाला कळलेलं असायचं.

स्वागतगीत, कोळीगीत, शेतकरी नाच, पोवाडा आणि शेवटी नाटुकलं हा क्रम वर्षानुवर्षं तोच. नाटुकल्याच्या आधी मात्र एक गोष्ट ठरलेली होती. ‘नटसम्राट’मधलं बेलवलकरांचं स्वगत. घर मागत फिरणाऱ्या म्हाताऱ्या नटाचं ते बोलणं दहावीतला एखादा मुलगा करायचा आणि त्याच्याआधी आमचे मराठीचे सर पाच मिनिटं बोलायचे. बोलायचे ते डॉक्टर श्रीराम लागूंवर.

सरांनी कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात डॉक्टरांचा ‘नटसम्राट’ पाहिला होता. संध्याकाळच्या एसटीनं गेले आणि प्रयोग संपल्यावर रात्र स्टँडवर काढून पहाटेच्या गाडीनं परत आले. त्या एका रात्रीवर त्यांनी आम्हाला वीस वर्षं शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. दर गॅदरिंगला ते डॉक्टरांविषयी एखादी नवी गोष्ट सांगायचे. त्यामुळं आमच्या गावातल्या, कधीही नाट्यगृहात पाऊल न टाकलेल्या बायकांनाही डॉक्टर लागूंचं चरित्र तोंडपाठ होतं. जन्म साताऱ्याचा, १९२७ सालचा. शिक्षण पुण्यात. कान-नाक-घशाचे डॉक्टर. भालबा केळकरांबरोबर पीडीए नावाची नाटकमंडळी काढली. परदेशात शिकून आले, आफ्रिकेत टांझानियात डॉक्टरकी केली, आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, चांगली चालणारी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये संभाजीराजे. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला, कुसुमाग्रजांचा ‘नटसम्राट’.

“डॉक्टरकी सोडून नाटकात?” आमची आजी दर वर्षी तितक्याच काळजीनं विचारायची. दारात रोज पेशंट येत असताना माणूस हे असं करतो, याचं तिला मनापासून वाईट वाटायचं. मग स्वगत सुरू व्हायचं आणि ती पदर डोळ्याला लावायची.

सरांचा सगळा भर उच्चारावर. “ते घशाचे डॉक्टर होते रे. शब्द कुठनं निघतो ते त्यांना आतनं ठाऊक होतं.” तालमीला ते आम्हाला हातवारे करू द्यायचे नाहीत. दोन्ही हात शालीत धरून नुसतं उभं राहायचं आणि बोलायचं. रडायचं तर अजिबातच नाही. रडायचं काम समोरच्यांचं. कापसाच्या दाढीखाली आमचं वय लपत नसे, पण सर म्हणायचे, “पहिल्या प्रयोगाला डॉक्टर त्रेचाळीस वर्षांचे होते. म्हातारे नव्हते. म्हातारपण त्यांनी आवाजात आणलं.”

मी नववीत होतो त्या वर्षी दहावीतल्या एकाचाही आवाज सरांना पसंत पडेना. शेवटी त्यांनी आमच्या वर्गातल्या गिरणीवाल्यांच्या मुलाला उभं केलं. त्याचे वडील बैलहोंगलकडचे. भाताच्या गिरणीत कामाला म्हणून आमच्या गावात आले आणि इथंच राहिले. घरात कानडी, शाळेत मराठी. आवाज मात्र असा, की वर्गात धडा वाचायला लागला तर शेजारच्या वर्गातले गप्प व्हायचे.

अडचण एकच होती. त्याच्या तोंडात ‘घ’ बसत नव्हता. ‘घोडा’चा ‘गोडा’, ‘घाई’ची ‘गाई’. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे. आमच्या बाजूला बाजारात, बसमध्ये, मळ्यात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्याच असतात. पण हे स्वगत सगळं उभं आहे एका ‘घर’ या शब्दावर. आणि तो म्हणायचा ‘गर’.

गावातल्या दोघातिघांनी कुरकुर केली. मराठी शाळेच्या गॅदरिंगला मराठी नटाचं काम कानडी पोराला कशाला, म्हणून. सीमाप्रश्नाचे दिवस. एक नोव्हेंबरचा, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या मनातला सल मला आजही कळतो. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले? गुर्लहोसूरचे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं कानडी मुलखातलं गाव. तिथं १८४३ साली जन्मलेल्या माणसानं १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं आणि मराठी संगीत नाटक जन्माला घातलं. त्यांना कुणी इचारलं न्हाई, घरात कुठली भाषा बोलता वो म्हणून.” पुढं त्यावर कुणी बोललं नाही.

मग महिनाभर ‘घ’ची तालीम. सर त्याचा पंजा त्याच्याच तोंडासमोर धरायला लावायचे. “ग म्हण. हाताला वारं लागलं? न्हाई. आता घ म्हण. लागलं पाहिजे.” शाळा सुटल्यावर तो विहिरीच्या कठड्याशी उभा राहून तळव्यावर घ, घ, घ असं फुंकत बसायचा. मी पाठ घ्यायला सोबत. माझी वाक्यं नव्हती, तरी सगळं स्वगत पाठ झालं, ते अजून आहे.

गॅदरिंगच्या रात्री त्याला सरांनीच रंगवलं. केसांत पावडर, अंगावर आमच्याच घरची विरलेली शाल. माईकनं एकदा किंकाळी फोडली आणि गप्प झाला. तो आला, उभा राहिला, हात शालीत. पहिलं ‘घर’ नीट आलं. दुसरं आलं. सर विंगेत डोळे मिटून उभे. आणि मग ऐन चढावर त्याचा श्वास अपुरा पडला असावा, ‘गर’ निघालं. पटांगणात कुणी हसलं नाही. कुरकुर करणारेही पुढच्याच रांगेत होते, तेही नाहीत.

त्याची आजी माझ्या आईशेजारी बसली होती. मराठी तिला फारसं येत नसे. ती आईकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “अवग मनी इल्लेनु?” त्याला घर नाही काय? आईचं कानडी बाजारापुरतं. ती एवढंच म्हणाली, “इल्ल, अव्वा.” म्हातारीनं घोंगडीचं टोक तोंडाशी धरलं आणि स्वगत संपेस्तोवर तशीच बसून राहिली.

डॉक्टरांना पाहायचं भाग्य आम्हाला पडद्यावरच मिळालं. गावच्या जत्रेला तंबूत ‘पिंजरा’ आला. शांतारामबापूंचा, १९७२ सालचा. आदर्श गुरुजी तमाशाच्या फडात धुळीला मिळतो, हे पाहून आमच्या गावातले प्राथमिकचे गुरुजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढं ‘गांधी’ आला तेव्हा शाळेनं आम्हाला बेळगावला नेलं. अंधारात सर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे कुजबुजले, “ते बघा, गोखले. आपले डॉक्टर!” आम्ही सगळे खुर्चीतून पुढं सरकलो. नामदार गोखल्यांना पाहून इतका आनंद झालेली मुलं त्या टॉकीजात दुसरी नसतील.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांचं सगळ्यात मोठं काम ‘सामना’तलं. हे सरांना कधीच पटलं नाही. साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि दारूत बुडालेला, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक मास्तर म्हणजे डॉक्टर. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढं एकच तो विचारत राहतो. निपाणी, संकेश्वरच्या उसाच्या पट्ट्यात आमचे पाहुणेरावळे. कारखाना, चेअरमन, त्याची जीप आणि जीपमागं धावणारी माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिलेली. त्या मास्तरचे थरथरते हात आणि मधूनच ताठ होणारी मान पाहताना मला आमच्या भागातली दोन-तीन माणसं आठवत राहतात. पाचच वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये तेच डॉक्टर मुख्यमंत्र्याची खुर्ची हेरणारे विश्वासराव दाभाडे होतात, आणि त्या चेहऱ्यावर मास्तरचा मागमूस राहत नाही. हिंदीतल्या शंभरावर भूमिकांत त्यांना अशी माणसं थोडीच मिळाली. ‘घरौंदा’तले मोदी त्यातले एक.

‘नटसम्राट’ पुढं दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं, यशवंत दत्तांनी केलं. सरांना सगळ्यांविषयी आदर होता. पण गॅदरिंगला नाव डॉक्टरांचंच.

डॉक्टरांचं ‘लमाण’ हे आत्मचरित्र मी बेळगावच्या वाचनालयातून आणून वाचलं तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. नट म्हणजे लमाण, लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा, हे त्यातलं सांगणं मी त्यांना घरी जाऊन वाचून दाखवलं. सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कोल्हापूरहून मी पण तेच आणलं की रे.”

२०१५ च्या फेब्रुवारीत बेळगावात ९५ वं नाट्यसंमेलन भरलं, फैयाज अध्यक्ष होत्या. तिथं मांडवाच्या दारात गिरणीवाल्यांचा मुलगा भेटला. आता हुबळीला नोकरीत, केस पांढरे, पावडरीची गरज नाही. मला पाहताच त्यानं पंजा तोंडासमोर धरला. बोलला काहीच नाही. आम्ही दोघं तिथंच, गर्दीत, डोळे पुसत उभे. सर त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

डॉक्टर गेले १७ डिसेंबर २०१९ ला. रात्री त्याचाच फोन आला. त्या वर्षीही गॅदरिंग सुगी आटोपल्यावरच झालं. स्टेज आता लोखंडी, भाड्यानं आणलेलं, पडदेही भाड्याचे. मराठी शिकवणाऱ्या बाई आमच्या शाळेतल्याच, मला पाच वर्षांनी मागं. त्यांनी डॉक्टरांवर पाच मिनिटं बोलून घेतलं. मी कुणाला तरी पाणी द्यायला म्हणून मागं गेलो. विंगेत दहावीतली एक मुलगी शाल पांघरून, कापसाची दाढी लावून उभी होती. पंजा तोंडासमोर धरलेला, आणि थंडीत तिच्या प्रत्येक ‘घ’बरोबर बोटांमधून वाफ निघत होती.