तुम्ही विचारलंत म्हणून: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, आता तुमचं काय अडलंय?

दुकानात येणारे प्राध्यापक हे विचारतात, भाचाही विचारतो. संशोधनाच्या जर्नलांची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरायची आणि सरकारी संस्थांतल्यांनी ती फुकट वाचायची, अशी ही योजना. आली, मान्य. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, जवळजवळ १३,००० जर्नल, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. मी सांगोल्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. मी त्यात कुठे बसतो?

डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग पसरला तेव्हा संशोधकांची गाडी आमच्या बागेत आली. वडिलांनी डागाळलेली फळं, पानं खुडून दिली. कोणत्या बहाराला काय फवारलं, ते वही काढून वाचून दाखवलं. पुढे त्यांचा पेपर मला नेटवर सापडला. सारांशात आमच्या तालुक्याचं नाव होतं. काही औषधांना जिवाणू आता दाद देत नाहीत, असंही होतं. कोणती औषधं, ते आत. आत जायला ४० डॉलर. मागे उभे असलेले वडील म्हणाले, “फळं आपलीच ना?” बाहेर पाऊस लागलेला, गिऱ्हाईक विचारतंय स्ट्रेप्टोसायक्लिन (जिवाणूंवरचं औषध) नेऊ की नको, आणि उत्तर सरकारी पैशातून निघालेलं असूनही मला दिसत नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

लेखकाला मेल करायचा होता, म्हणता. केला. साहेबांनी आपुलकीने प्रत पाठवली. तोवर बहार हातचा गेला होता. आणि “शेतकरी कुठे इंग्रजी पेपर वाचतो?” असं म्हणू नका. मी वाचतो, दुकानात येणाऱ्याला मराठीत सांगतो.

पूर्वी मी सगळा दोष शास्त्रज्ञांना द्यायचो. खुल्या जर्नलात का छापत नाही? साहेब म्हणाले, तिथे बऱ्याचदा पैसे लेखकाने भरायचे असतात, प्रकल्पात तेवढी तरतूद नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण स्वीकारलेल्या लेखाची स्वतःची प्रत संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवायला कुठे पैसे पडतात? कृषी अनुसंधान परिषदेचं तसं धोरण २०१३ चं आहे, विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४ चं. ते पाळलं नाही म्हणून कोणाची बढती अडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पेपरच्या तपासणीला, मांडणीला खर्च येतो, हे मला कळतं. तो सरकारने एकदाच भरावा आणि पेपर सगळ्यांना खुला करावा. भाचा म्हणतो, ६,००० कोटी म्हणजे तेच. मी म्हणतो, त्यात मुख्यतः सरकारी संस्थांची वर्गणी भरली गेली. कॉलेजात जाऊन वाच, म्हणतो तो. यावर आमचं अजून जमलेलं नाही.