आमची वाटचाल : नाना आणि तिसरं वजन

वजनकाटे बनवणं, दुरुस्त करणं आणि पडताळणीसाठी तयार करून देणं हे आमचं काम. हा व्यवसाय माझ्या वडिलांनी उभा केला. घरात, बाजारात, अगदी वजनमापे खात्यातल्या साहेबांमध्येसुद्धा ते ‘नाना’च होते. गेल्या वर्षी नाना गेले. ‘आपली वाटचाल एकदा लिहून काढ’ म्हणून माझा मुलगा केव्हापासून मागे लागला होता. लिहायला बसले तर वाटचाल म्हणून जे जे आठवतं ते सगळं नानांपाशीच जाऊन थांबतं. म्हणून हे लिखाण बरंचसं त्यांच्याबद्दल आहे आणि थोडंसं आमच्याबद्दल.

नाना या धंद्यात आले ते मोठ्या उलथापालथीच्या काळात. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली आणि १९६२ मध्ये शेर-छटाक व्यवहारातून कायद्याने बाद झाले. नानांना तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. एका जुन्या कारागिराच्या हाताखाली ते उमेदवारी करत होते. लोकांना काही केल्या कळेना, की शेर आणि किलो यांत फरक किती. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. उस्ताद नानांना दुकानोदुकानी पाठवायचे. नाना एका पारड्यात नवा किलो ठेवायचे, दुसऱ्यात जुना शेर. मग शेराच्या बाजूला पन्नास, दहा, पाच आणि दोन ग्रॅमची वजनं एकेक करून टाकायची, की सुई मधोमध. बघणाऱ्याला आणखी काही सांगावं लागायचं नाही. तोंडाने सांगितलं की वाद होतो, पारड्यात ठेवलं की होत नाही, हे त्यांना त्या पोरवयातच उमगलं असावं, कारण पुढे आयुष्यभर ते कमीच बोलले.

स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक व्हाइस, कानशी, शिसं वितळवायची कढई आणि पितळी वजनांचा एक संच. लोखंडी वजन पालथं केलं तर खाली एक भोक दिसतं. त्यात शिसं भरलेलं असतं. वापरात वजन झिजतं, तेव्हा तिथे शिशाची भर घालायची. जास्त झालं तर खरवडायचं. आणि खात्याचा शिक्काही त्या शिशावरच उमटतो, म्हणजे मागाहून कोणी हात लावला तर लपत नाही. नाना शिसं खरवडायचे तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरचा दंडक होता. एक साल काढायची, वजन पारड्यात ठेवायचं, सुई पूर्ण थांबू द्यायची, मग पुढची साल. सुई थांबायच्या आधी अंदाज बांधलेला त्यांना मुळीच खपत नसे.

दांडीच्या काट्याची धार तपासायची त्यांची रीत मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. ज्या पोलादी धारेवर दांडी तोलली जाते ती बोथट झाली किंवा तिला बारीकसा दाता पडला, की काटा सुस्त होतो. भिंगातूनही न दिसणारा दाता नाना अंगठ्याच्या नखावरून धार हलकेच ओढून सांगायचे. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम बारीक आडव्या रेघा असायच्या.

रिकामी पारडी समतोल दिसली म्हणजे काटा खरा, असं मानायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, काढून ती कोणीही जुळवेल. दांडीचा एक हात केसभर लांब असेल तर ती खोट भार टाकल्यावरच बाहेर येते. म्हणून दोन्हीकडे भार टाकायचा, सुई मध्ये आणायची आणि मग डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. तरीही सुई मध्येच राहिली तर हात सारखे. कॉलेजात गेल्यावर हीच रीत मला गाउस या थोर गणितज्ञाच्या नावाने पुस्तकात भेटली. घरी येऊन नानांना सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला! ‘म्हणजे तोही काटा उलटा करूनच बघायचा,’ असं दोन-तीनदा म्हणाले.

पण त्यांची खरी शिकवण वेगळीच. दोन वजनं एकमेकांशी जुळेनात, की नवखा मुलगा लगेच एकावर बोट ठेवायचा, ‘हे खोटं.’ नाना विचारायचे, ‘कशावरून? तिसरं आण.’ दोघांत फरक आहे एवढंच दोन वजनं सांगू शकतात. खोट कोणात आहे, हे तिसऱ्या, आधी पडताळलेल्या वजनाशिवाय कळत नाही. वर्कशॉपमधलं हे वाक्य आमच्या घरात कधी शिरलं ते सांगता येणार नाही. भावंडांची भांडणं, गिऱ्हाइकाची तक्रार, कामगारांतली कुरबुर, नाना ऐकून घ्यायचे आणि तिसरं वजन शोधायला लावायचे.

ट्रकसकट माल तोलणारे मोठे भुईकाटे बसवण्याच्या कामात उतरायचं की नाही, यावरून माझं आणि धाकट्या भावाचं चांगलंच वाजलं होतं. मला उतरायचं होतं, त्याला कर्जाची धास्ती. आम्ही दोघंही निकाल मागायला नानांकडेच गेलो. ते म्हणाले, ‘मी तुमचा बाप आहे. माझी सुई कुठे ना कुठे कलणारच. मी तिसरं वजन होऊ शकत नाही.’ त्यांनी आम्हाला त्या कामात मुरलेल्या एका गृहस्थांकडे धाडलं. त्यांनी पैशाचा विषय काढलाच नाही. आधी पाया, उतार आणि पाण्याचा निचरा शिका म्हणाले. खड्ड्यात पाणी साठलं किंवा प्लॅटफॉर्मखाली चिखल-खडी अडकली, की काट्याखालचे भार मोजणारे उत्तम लोड सेलही चुकीचं वजन दाखवतात. आम्ही शिकलो, थांबलो, मग उतरलो. आज आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा बरेच जुने कारागीर खचले. नानांनी पहिला काटा हातात पडताच तो उघडायला लावला. धातूच्या ठोकळ्यावर चिकटवलेली ती नाजूक पट्टी, भाराने ठोकळा किंचित वाकला की पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो, असं मी समजावत गेले. चार रोध चौकोनात जोडलेले, भार नसताना दोन्ही बाजू समतोल, म्हणजे मधून प्रवाह नाही. भार पडला की समतोल ढळतो आणि ढळला किती ते यंत्र मोजतं. नाना टेबलावर थाप मारून म्हणाले, ‘अगं, म्हणजे आत तराजूच आहे की!’ त्या दिवसापासून नव्या यंत्राबद्दल त्यांना परकेपणा राहिला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना आमच्याआधी पटली. दांडीचा काटा वजनाची वजनाशी तुलना करतो, त्यामुळे तो कुठेही न्या, उत्तर तेच. इलेक्ट्रॉनिक काटा पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्तावरून ध्रुवाकडे जाताना ती सुमारे अर्धा टक्का वाढते, आणि हजार मीटर वर चढलं की सुमारे ०.०३ टक्का घटते. म्हणजे किलोमागे ०.३ ग्रॅम. बारीक वजनाच्या काट्यात हा फरक सरळ दिसतो. ‘काटा जिथे राहणार तिथेच जुळवायचा,’ हा नियम नानांनी घातला. मग तो कितीही लांब का असेना, आमचा माणूस प्रमाण वजनं घेऊन जातो.

कमी तोलणाऱ्या काट्याइतकाच नानांना झुकतं माप देणाऱ्या काट्याचाही राग. एका व्यापाऱ्याचा काटा गिऱ्हाइकाला जरा जास्तच देत होता. तो म्हणाला, राहू द्या, लोक खूश आहेत. नानांनी तो जुळवूनच परत केला. ‘झुकतं माप हाताने द्यावं, काट्याने नाही,’ म्हणाले. मला हे फार मोलाचं वाटतं. औदार्य माणसाने दाखवायचं, यंत्राने फक्त खरं सांगायचं.

नातवाच्या बाबतीत ते हाताने भरपूर झुकतं माप द्यायचे. तो लहान असताना एका प्रयोगशाळेचा काचेच्या पेटीतला काटा दुरुस्तीला आला होता. मिलिग्रॅमची वजनं म्हणजे पत्र्याचे नखाएवढे तुकडे. ती चिमट्यानेच उचलायची, बोटाचा घामसुद्धा लागता कामा नये. आजोबांनी नातवाच्या हातात चिमटा दिला. काम पुरं झाल्यावर एक कोरा कागद तोलला. मग त्याला म्हणाले, ‘यावर पेन्सिलीने तुझं नाव लिही, चांगलं गडद.’ कागद पुन्हा पारड्यात ठेवला, पेटीचं दार लावलं, दोघं श्वास रोखून बघत बसले. सुई सरकली. ‘आजोबा, माझ्या नावाला वजन आहे!’ म्हणून पोरगं घरभर नाचलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि या धंद्यात आला, त्यामागे तो कागद आहे, असं तो स्वतः सांगतो.

२० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या बदलली, ती बातमीही त्यानेच आजोबांना वाचून दाखवली. पॅरिसजवळ १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमचा जो दंडगोल जगाचा किलो म्हणून जपला होता, त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेला होता. नाना एकदम उठून बसले. ‘मग झिजलं कोण? मूळ की प्रती?’ ते ठरवताच येत नव्हतं, म्हणून आता व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या एका संख्येवर, बांधली आहे, हे ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, ‘सापडलं म्हणायचं त्यांना तिसरं वजन.’

शेवटची दोन-तीन वर्षं त्यांचे हात थरथरायचे. शिसं खरवडणं सुटलं, पण वर्कशॉपला येणं सुटलं नाही. खुर्चीत बसून सुया बघायचे. आजारपण फार लांबलं नाही, त्याबद्दल आम्ही देवाचे आभारच मानतो.

ते गेल्यावर दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर झाला. काम थांबवून चालणार नव्हतं. दांडीच्या काट्यांची आणि वजनांची फेरपडताळणी दर दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी, आणि तारखा दुःखासाठी थांबत नाहीत. गिऱ्हाइकं येत राहिली. काटा टेबलावर ठेवून लोक नानांच्या आठवणी सांगत उभे राहायचे. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितलं, की भागीदाराशी कोर्टात जायची वेळ आली होती, तेव्हा नानांनी दोघांचे हिशेब तिसऱ्याच माणसाकडून तपासून घ्यायला लावले आणि भागीदारी टिकली. घरात याचा कधी अवाक्षरही नाही.

त्यांचं टेबल आवरताना वह्या निघाल्या. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक दांडीच्या काट्याची नोंद आहे: क्रमांक, पासंग किती होता आणि कोणत्या बाजूला, धार केव्हा बदलली, वजनाला शिसं किती लागलं. मुलगा त्या वह्या संगणकावर उतरवून घेतोय. अक्षर कुठे लागलं नाही तर मी वाचून देते.

नानांच्या हातचा दांडीचा काटा अजून ज्यांच्या वापरात आहे, त्यांनी पुढच्या पडताळणीआधी तो एकदा आमच्याकडे जरूर आणावा. क्रमांक सांगितला की नोंद काढू, धार तपासून लागली तर बदलून देऊ. या काट्यांची मजुरी आम्ही घेत नाही.