ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय: क्लचसोबत फ्लायव्हीलही बदलायचं का?

सध्याची स्थिती: गिअरबॉक्स खाली, जुना क्लच सेट बाकावर, ड्युअल मास फ्लायव्हील (डीएमएफ: इंजिनचे झटके शोषायला मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन चकत्यांचं फ्लायव्हील) अजून इंजिनच्या क्रँकशाफ्टलाच. ते सोडायची घाई नको, कारण बरीचशी तपासणी ते जागेवर असतानाच नीट होते. गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया, ९० पीएसचं (अश्वशक्ती) डिझेल इंजिन, पाच गिअर. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१पासून जुळणी होत असे तीच.

तक्रारी दोन होत्या. वरच्या गिअरला चढावर क्लच घसरतो, आणि इंजिन बंद करताना खड्‌खड्‌ आवाज येतो. घसरणं हा प्लेट झिजल्याचा मामला. त्यासाठी फ्लायव्हीलवर खर्च करायचं कारण नाही. बंद करतानाचा खडखडाट मात्र थेट डीएमएफकडे बोट दाखवतो. आवाज कुठला ते आधी वेगळं काढा. पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग). पेडल दाबल्यावर जाणारा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट बेअरिंगचा किंवा आयडलवरच्या गिअर खडखडीचा. शिवाय इनटेकवर व्हॅक्यूमने मिटणारी झडप असेल तर ती चालते का ते बघा. किल्ली फिरवल्यावर हवा तोडून इंजिन गुपचूप थांबवणं हे तिचं काम. ती अडकली की गाडी गदगदून बंद होते आणि दोष फुकट फ्लायव्हीलच्या माथी जातो.

स्कॅनरवर ग्रुप ०१३ (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला आकड्यांचा एक गट) गिअरबॉक्स उतरवण्याआधीच पाहून घेतला. त्यात आयडलवर सिलिंडरनिहाय इंधनाचा फरक दिसतो. एखादा आकडा इतरांपासून लांब असेल तर इंजिन लंगडतंय, आणि तो झटका डीएमएफच्या स्प्रिंगा रोज खातात. इंजेक्टर तसेच ठेवून नवीन फ्लायव्हील बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार. इथे चारही सिलिंडर शून्याच्या आसपास आहेत. मरतुकडी बॅटरीही तितकीच वाईट: स्टार्टर हळू फिरला की इंजिन अनुनादाच्या, म्हणजे थरथर सर्वात वाढते त्या वेगाच्या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळतं.

आता खुद्द फ्लायव्हील. घर्षणाच्या तोंडावर निळसर पट्टे आहेत. नुसत्या तोंडावरचा निळा रंग म्हणजे तात्पुरती उष्णता, तेवढ्यावरून ते बाद होत नाही. रिव्हेटांभोवती, बाहेरच्या कडेला किंवा मागच्या अंगाला निळा-जांभळा रंग चढला असेल, तर आतलं ग्रीस भाजलंय असं धरून चाला. झाकणांभोवती ग्रीसचा किंचित ओलावा चालतो. बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) ग्रीस उडालेलं असेल तर विषय संपला.

फिरवून बघताना बाहेरची चकती हाताने एका बाजूला स्प्रिंगचा जोर लागेपर्यंत नेली, मग दुसऱ्या बाजूला. स्प्रिंग परत ढकलते, मध्ये कुठे अडकत नाही. इथपर्यंत पास. मग डायल गेज कडेला टेकवून चकती एका टोकापर्यंत दाबली, शून्य लावलं आणि उलट बाजूला झुकवली: ३.४ मिमी. उत्पादक कंपनी लुक (LuK) हिची मर्यादा बॉल बेअरिंगच्या डीएमएफला १.६ आणि साध्या बुशच्या डीएमएफला २.९ मिमी. आत कुठलं बेअरिंग आहे हा प्रश्नच उरला नाही. निकाल: बदलायचं.

लेथवर तोंड घासून घ्यायचा सल्ला बरेच मेकॅनिक देतात. तो एकसंध फ्लायव्हीलसाठी ठीक, आणि तिथेही लेथपेक्षा ग्राइंडर बरा, कारण उष्णतेने कडक झालेल्या डागांवरून टूल उडतं आणि उंचवटे राहतात. डीएमएफ घासायला उत्पादकाचीच मनाई आहे.

एकसंध फ्लायव्हीलचा पर्याय या गाड्यांवर लोकप्रिय आहे: फोक्सवॅगनच्या जी६० इंजिनचं फ्लायव्हील आणि व्हीआर६ इंजिनचा क्लच. स्वस्त आणि टिकाऊ, पण आयडलला गिअरची खडखड कायमची घरी येते. बोल्टची लांबी वेगळी लागते, जुने वापरू नका. टायमिंग बेल्टसाठी बेलहाउसिंगच्या खिडकीतून दिसणारी खूण काही बाजारू फ्लायव्हीलवर नसतेच. असेल तर चढवण्याआधी जुन्याशी ताडून बघा. गाडी रोज शहरातल्या ट्रॅफिकमध्ये चालणार असल्यामुळे इथे नवीन डीएमएफच घेतोय. त्याची किंमत क्लच सेटच्या कितीतरी पट आहे हे खरं, पण ढिलेपणा मर्यादेबाहेर गेलेलं जुनं परत चढवणं म्हणजे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची तयारी.

मापात बसलं असतं तर जुनंच ठेवलं असतं. नुसते किलोमीटर बघून फ्लायव्हील बदलायला सांगणाऱ्यांकडे आकडा मागावा.

चढवताना: बोल्टांची सहा भोकं समान अंतरावर नाहीत, त्यामुळे फ्लायव्हील एकाच स्थितीत बसतं, ठोकू नका. बोल्ट नवेच, समोरासमोर आवळत ६० न्यूटन-मीटर, वर पाव फेरी. तोंड डिग्रीझर लावलेल्या फडक्याने पुसा, फटीत स्प्रे मारू नका. हातातून पडलेलं डीएमएफ बसवू नये, मग ते कितीही नवं असो.

फ्लायव्हील सुटलं की क्रँकचं मागचं सील उघडं पडतं. तेलाचा माग दिसला तर आत्ताच बदला. टेफ्लॉनचं सील कोरडंच बसवायचं, तेल लावलं की गळतं. रिलीज बेअरिंग ढकलणारा रिलीज फोर्कही तपासला: मागच्या बाजूला, तो ज्या पिव्होटच्या गोळीवर टेकून हलतो तिथे, पत्रा पातळ होऊन चकाकतोय. ही या गिअरबॉक्सची जुनी खोड. गोळी एक दिवस पत्र्यातून आरपार जाते. फोर्क, क्लिप आणि गाइड स्लीव्ह यादीत टाकले आहेत.

बाकी: सील, क्लच सेट सेंटरिंग करून बसवणे, गिअरबॉक्स चढवणे, हायड्रॉलिकची हवा काढणे.